धुकाईच्या दारचा कोवळा चहा

एका राज्यात असा एक राजा होता, की दर वसंतात त्याला आपलं एक माणूस ओळखू येईनासं व्हायचं. राजाचं नाव भद्रसेन. स्वभावाने गरीब, बोलायला गोड. झाडांना पालवी फुटली की तो अस्वस्थ होई, आणि पानं जून झाली की एक माणूस त्याच्या मनातून पुसलं जाई. आधी प्रधान गेला, मग सेनापती, मग सख्खा भाऊ. गेल्या वसंतात राणी ओवाळायला ताट घेऊन समोर उभी राहिली, तर राजाने हात जोडले आणि अदबीने विचारलं, "आपण कोणाच्या घरच्या?" राणीने ताट खाली ठेवलं आणि ती आत निघून गेली.

आता उरली एकटी राजकन्या, पद्मरेखा. राजा तिलाच हाक मारी, तिच्याच हातचं खाई. आणि वसंत तर दाराशी येऊन उभा होता.

राजवाड्याच्या छपरावर एक म्हातारी साळुंकी राहत असे. तेव्हा पक्षी बोलत असत, त्यात नवल काही नव्हतं. नवल एवढंच, की ही कामाचं बोलत असे.

"राजकन्ये," साळुंकी म्हणाली, "तुझ्या बापाने तरुणपणी डोंगरातल्या कुठल्याशा दुकानात हिरवा चहा घेतला होता. तेव्हापासून हे सुरू झालं. शाप जिथला, उताराही तिथलाच. त्याच चहाच्या झाडाची यंदाची कोवळी पानं शोधून आण. ती जून झाली, की तुझी पाळी."

"ते दुकान आहे कुठे?"

"ते ठाऊक असतं तर एवढी वर्षं गप्प बसले असते का मी? चल, ऊठ."

आता हिरवा चहा म्हणजे तुमचा-आमचा आलं ठेचून, दूध घालून खळाखळा उकळलेला चहा नव्हे बरं का. वसंतात चहाच्या झाडाला पहिली कोवळी पानं येतात, ती खुडायची आणि लगेच तापल्या कढईत हाताने परतायची, म्हणजे त्यांचा हिरवेपणा टिकतो. मग ती नुसत्या गरम पाण्यात टाकायची. दूध नाही, साखर नाही. आमच्याकडे कुणाला असा चहा दिला, तर तो आधी विचारतो, घरात कुणी आजारी आहे का? विचारो बापडा.

पद्मरेखा निघाली. खांद्यावर साळुंकी, पायात साध्या वहाणा. डोंगराच्या वाटेवरच्या पहिल्या शहरात गुणाकर नावाच्या व्यापाऱ्याचं चहाचं मोठं दुकान होतं. फळ्यांवर बरण्याच बरण्या, आणि त्या सगळ्या बोलणाऱ्या. राजकन्या आत शिरली मात्र, एकच गिल्ला झाला. "मी यंदाची!" "मी कालच खुडलेली!" "मी तर आज पहाटेची, वास घेऊन बघा!"

गुणाकर हात चोळत म्हणाला, "ताई, कोणतीही घ्या. आमच्याकडे शिळं काही मिळत नाही."

राजकन्या गोंधळली. सगळ्याच हिरव्या, सगळ्याच गोड बोलणाऱ्या. तिने क्षणभर विचार केला आणि बरण्यांनाच विचारलं, "बायांनो, यंदा डोंगरावर गारा पडल्या का हो?"

दुकानात चिडीचूप. ज्यांनी यंदाचा डोंगर पाहिलाच नव्हता, त्या काय सांगणार, कपाळ! तेवढ्यात कोपऱ्यातल्या एका मातीच्या बुटक्या मडक्यातून बारीक आवाज आला, "पडल्या. आमची निम्मी भावंडं फाटली. आम्ही धुक्याच्या डोंगराच्या पायथ्याचे. वरची झाडं आमच्याहून जुनी आहेत, आणि तिथेही एक दुकान आहे."

गुणाकराचा चेहरा पडला. राजकन्येने मडक्यातली चिमूटभर पानं मागून घेतली, पदरात बांधली आणि धुक्याच्या डोंगराची वाट धरली.

खिंडीत दुसरं दुकान होतं, आणि ते चालवत होता एक राक्षस. अंगाने अवाढव्य, हातात एवढासा पेला. खिंडीतून पुढे जायचं तर त्याच्याकडे चहा करून दाखवावा लागे. बिघडला, तर तो वाट सोडत नसे. राजकन्येला वाटलं, यात काय मोठंसं! तिने पाण्याला चांगली उकळी आणली, पदरातली निम्मी पानं पेल्यात टाकली आणि वरून ओतलं उकळतं पाणी. पानं काळवंडली आणि चक्क रडू लागली. चहा कडू जहर झाला.

राक्षस ओरडला नाही. त्याने हळूच विचारलं, "एवढी घाई कोणाची?"

"आबांची," राजकन्या म्हणाली. "ते मला विसरतील. मला फार भीती वाटते हो."

राक्षसाने चुलीतलं एक लाकूड मागे ओढलं आणि तो म्हणाला, "भीती वाटते म्हणून आच वाढवू नये. उरलेली पानं घे. पाणी उतरव आणि पाण्याचा आवाज बंद होईपर्यंत बस."

ती बसली. साळुंकीसुद्धा गप्प बसली, म्हणजे बघा. पाणी शांत झालं, मग तिने पानं टाकली. ती सावकाश उलगडली. चहाला चव आली ती थेट हरभऱ्याच्या कोवळ्या सोलाण्यांची, आणि मागून किंचित गोडी. आपण इतक्या वर्षांत आबांबरोबर असं नुसतं, बिनकामाचं कधी बसलो होतो, ते राजकन्येला आठवेना. राक्षसाने पेला संपवला आणि तो वाटेतून बाजूला झाला.

डोंगरमाथ्यावर तिसरं दुकान. चार दगडी पायऱ्या, शेजारी झरा, मागे चहाची जुनी झाडं आणि सगळीकडे धुकं. दुकान चालवायची चेटकीण धुकाई. ती डोंगरापलीकडच्या मुलखातली. कढईत हात घालून पानं परतत होती आणि हाताला काही होत नव्हतं.

"बस," ती म्हणाली. चहा दिला. राजकन्या निवांत प्यायली. धुकाईला बरं वाटलेलं दिसलं.

"मावशी, माझ्या वडिलांसाठी थोडी पानं द्या. राजे भद्रसेन त्यांचं नाव."

कढई खाली आदळली. "भद्रसेन! लबाड माणूस! धुक्यात वाट चुकून आला होता. तहानेने कासावीस झालेला. पहिल्या झाडाची पहिली पानं त्याला दिली मी. चहा प्याला, तोंडभर कौतुक केलं, आणि उठताना काय म्हणाला? म्हणाला, 'येतो!' दर वसंतात त्याच्यासाठी पहिलं झाड राखलं मी. पानं जून होईपर्यंत वाट पाहिली. आला नाही. मग म्हटलं, दर वसंतात हा आपलं एकेक माणूस विसरू दे, वाट पाहणं काय असतं ते याच्याही माणसांना कळू दे!"

राजकन्येला आधी हसू फुटलं आणि मग रडू. "अहो मावशी, आमच्याकडे निघताना सगळेच 'येतो' म्हणतात हो! 'जातो' म्हणणं अशुभ. परत यायचं नसलं, तरी 'येतो'च म्हणायचं."

धुकाई तिच्याकडे बघतच राहिली. "म्हणजे तुमच्या मुलखात सगळे रोज खोटं बोलतात?"

राजकन्या उत्तर द्यायला गेली आणि थांबली. खोटं? म्हणताना तर ते खरंच वाटतं. उंबऱ्याशी उभं राहून कुणाला 'जातो' म्हणवत नाही, म्हणून तर 'येतो' म्हणायचं. पण मागे राहिलेल्या माणसाने किती दिवस दाराकडे बघायचं, हे कोणी सांगत नाही.

"खोटं नाही, मावशी," ती म्हणाली. "अर्धवट आहे."

धुकाईचा राग ओसरला. पण ती म्हणाली, "शाप शब्दाला बांधलाय, तो माझ्याही हातात नाही. पानं नेऊन काही होणार नाही. येतो म्हणालेल्या माणसानेच यायला हवं. सावलीतलं एक झाड मी राखते. पण वसंत काही माझं ऐकत नाही. पळ!"

राजकन्या धावतच परतली. दरबारी म्हणाले, राजाने चहासाठी डोंगर चढायचा? लोक काय म्हणतील? राणी एवढंच म्हणाली, "घेऊन जा त्यांना." राजा लगेच तयार झाला, कारण जगात त्याच्या ओळखीची ही लेकच तेवढी उरली होती.

खिंडीपर्यंत पालखी होती, तिथे राक्षसाने राजकन्येला ओळखून वाट दिली, पुढे पायवाट. पण चढावरची पानं जून होत चालली होती. पायथ्याशी राजा तिला पद्मरेखा म्हणाला. मध्यावर म्हणाला, "मुली, जरा थांब." आणि खिंड ओलांडल्यावर त्याने तिच्याकडे वळून पाहिलं आणि विचारलं, "ताई, आपण कोण?"

राजकन्येने डोळ्यांना पदर लावला आणि ती म्हणाली, "मी वाट दाखवायला आलेय."

"मग मला घरी घेऊन चला," राजा म्हणाला. "इथे माझं कोणी नाही."

साळुंकी तिच्या कानात कुजबुजली, "संपलं गं." परक्या मुलीच्या सांगण्यावरून कोण डोंगर चढतो? राजकन्येने डोळे पुसले. तिला काय सुचलं कोण जाणे, ती म्हणाली, "वर एक बाई चहा घेऊन थांबल्यात. तुमच्यासाठी."

"चहा घेऊन थांबल्यात?" राजा गडबडला. "अरे अरे, मग असं माघारी फिरून कसं चालेल! बरं दिसतं का ते? चला, चला." माणसं गेली, नावं गेली, पण कुणी चहाला थांबलंय म्हटल्यावर जायचं असतं, हे त्याच्या हाडात होतं. तो भराभरा चढू लागला.

दारात धुकाई उभी होती. सावलीतल्या झाडावर एकच कोवळं पान उरलं होतं. राजाने पायरीवर वहाणा काढल्या आणि सवयीने आत आवाज दिला, "आलो हो!"

डोंगरावरचं धुकं हललं. धुकाईने पान खुडलं, परतलं, पाणी शांत होऊ दिलं आणि पेला पुढे केला. राजा घोट घोट प्यायला.

मग राजाने मान वर केली. "बाई, फार वर्षं लावली मी," तो धुकाईला म्हणाला. आणि वळून, अगदी रोजच्या आवाजात, "पद्मरेखा, ये, बस इथे."

ती बसली. राजाच्या कपाळावर आठी पडली होती. "अगं, वाटेत माझ्याबरोबर एक मुलगी होती. सारखी डोळे पुसत होती बिचारी. मी काही विचारलं नाही. परकी पोर, कसं विचारायचं? तिचं काय झालं, पाहिलं का कोणी?"

"ती मीच होते, आबा."

राजाचा पेला हातातच राहिला. त्याने लेकीकडे नीट, खूप वेळ पाहिलं, आणि मग तो लहान मुलासारखा रडला.

शाप सुटला. प्रधान, सेनापती, भाऊ, सगळे आपापल्या नावाने ओळखू आले. आणि राणीपुढे राजा हात जोडून उभा राहिला, तो या खेपेला क्षमा मागायला. राज्य पुन्हा सुरळीत चालू लागलं. जसं भद्रसेनाला आपलं माणूस ओळखू आलं, तसं ज्यांच्या घरी कुणी विसरत चाललंय, त्या विसरणाऱ्यालाही एखाद्या सकाळी आपलं माणूस ओळखू येवो. आणि नाही आलं, तरी शेजारी बसायला कुणीतरी असो.