दोन ‘आहे’

“मग चूक तशीच सोडून द्यायची होती का?”

शार्दूल चुरीच्या आवाजात प्रश्नापेक्षा तक्रार जास्त होती.

फादर जोकिम तुस्कानो वाल सोलत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

“कसली चूक?”

“व्याकरणाची. वर्गात. मी दुरुस्त केली, तर माणूस यायचाच बंद झाला.”

“पहिल्यापासून सांग.”

वसईतल्या निवृत्त धर्मगुरूंच्या घराचा तो मागचा ओटा. पुढे केळी, त्यांच्या पलीकडे विहीर. फादर तरुणपणी बोलिव्हियाला गेले होते. तिथल्या डोंगरातल्या एका गावात त्यांचा निम्मा जन्म गेला, आणि म्हातारपणी ते गावी परतले. याच ओट्यावर त्यांनी शार्दूलला स्पॅनिश शिकवायला सुरुवात केली होती.

शार्दूल पुढे खूप शिकला. वरच्या सगळ्या परीक्षा झाल्या, वर्षभर स्पेनमध्ये राहून झालं. आता इथल्याच एका कम्युनिटी कॉलेजात तो शनिवार-रविवारी संध्याकाळी, तासिका तत्त्वावर, नवशिक्यांना स्पॅनिश शिकवायचा. विद्यापीठात जागा मिळेपर्यंत एवढंच, असं तो भेटेल त्याला सांगायचा. कोणी विचारलं नसलं तरी.

“हरेश्वर राऊत म्हणून एक गृहस्थ आहेत,” तो म्हणाला. “बँकेतून निवृत्त झालेले. वर्गात वयानं सगळ्यात मोठे.”

“बरं.”

“त्या दिवशी मी दोन क्रियापदं शिकवली. एस आणि एस्ता.”

फादर हसले. स्पॅनिश शिकणारा प्रत्येक जण इथं येऊन अडखळतो. मराठीत एकच ‘आहे’ पुरतं. स्पॅनिशमध्ये दोन लागतात.

“काय सांगितलंस?”

“सोपं करून सांगितलं. जे बदलत नाही त्याला एस. नाव, गाव, स्वभाव. जे बदलतं त्याला एस्ता. ताप, राग, माणूस आत्ता कुठे आहे ते.”

“मग?”

“मग सराव. एकेकाला विचारत गेलो. तुझा भाऊ कुठे आहे, तुझी आई कुठे आहे. राऊतांना विचारलं, दोंदे एस्ता सु एस्पोसा? तुमची पत्नी कुठे आहे?”

फादरांचे हात थांबले.

“ते उभे राहिले आणि म्हणाले, मि एस्पोसा एस मुएर्ता. माझी पत्नी मृत आहे. मला माहीत नव्हतं, फादर. कोणीच सांगितलं नव्हतं.”

“तू काय म्हणालास?”

“मी म्हणालो, एस नाही, एस्ता. एस्ता मुएर्ता.”

केळीच्या बागेत कोणीतरी कोयता चालवत होतं. तेवढाच आवाज.

“बरोबर सांगितलंस,” फादर म्हणाले. “एस्ताच हवं.”

“तेच म्हणतोय मी!” शार्दूल पुढे सरकला. “पण त्यांनी मला अडवलं. म्हणाले, सर, तुम्ही तर सांगितलंत की एस्ता बदलणाऱ्या गोष्टींना. मेलेलं माणूस बदलतं का?”

“आणि?”

“मी म्हटलं, हा अपवाद आहे. पाठ करा.”

“त्यांनी केलं?”

“केलं. तिथंच दोनदा म्हणून दाखवलं. बरोबर म्हटलं. आणि खाली बसले.”

“वर्ग?”

“सगळे गप्प होते.”

“आणि तू?”

“मी पुढच्या मुलीला विचारलं, तुझा भाऊ कुठे आहे...”

फादरांनी एक शेंग सोलली. मग दुसरी.

“ते त्यानंतर आलेच नाहीत,” शार्दूल म्हणाला. “दोन आठवडे झाले. आता बाकीचे माझ्याकडे असे बघतात की जणू मीच काहीतरी... फादर, चूक दुरुस्त करणं हेच माझं काम आहे ना? तिथं मी काय करायला हवं होतं?”

“त्या बाईंचं नाव काय?”

“कोणत्या बाईंचं?”

“राऊतांच्या बायकोचं.”

“ते... विचारलं नाही.”

“शार्दूल, नाव विचारायचं कधी शिकवतोस?”

“पहिल्याच दिवशी.”

फादर उठले. गुडघ्यांवर हात टेकून, सावकाश. ओट्याच्या पायरीशी शार्दूलच्या चपला होत्या. फादरांनी वाकून त्या उचलल्या, फाटकाकडे तोंड करून नीट मांडल्या, आणि परत येऊन वाल सोलायला बसले.

शार्दूलचा चेहरा लाल झाला. गुरूनं आपल्या चपलांना हात लावावा, हे त्याला सोसलं नाही. त्यानं चपला घातल्या.

राऊतांचं घर स्टेशनच्या पलीकडे होतं. वाटेत शार्दूलनं काय बोलायचं ते ठरवून ठेवलं. आधी दिलगिरी, मग क्लासला परत यायचा आग्रह. दार राऊतांनीच उघडलं. हाताला कणीक लागलेली होती.

“सर? या, या. चपात्या करत होतो. शिकतोय अजून.”

ते हात धुऊन आले. शार्दूल उभाच होता.

“काका, त्या दिवशी वर्गात... मला माफी मागायची होती.”

“कसली माफी? तुमचं बरोबरच होतं. मी मुलीला विचारलं ना फोनवर. तीही म्हणाली, एस्ताच.”

ठरवलेलं सगळं बोलणं तिथंच संपलं. भिंतीवर एक फोटो होता. जाड भुवयांची, काहीतरी गंमत ऐकून हसू दाबणारी बाई.

“कोमो से यामा सु एस्पोसा?” शार्दूलनं विचारलं. तुमच्या पत्नीचं नाव काय आहे?

राऊत ताठ झाले. वर्गात व्हायचे तसे.

“मि एस्पोसा से यामा कुमुदिनी.”

“बरोबर,” शार्दूल म्हणाला.

राऊतांनी त्याला खुर्ची दिली. स्वतः समोर बसले.

“आमची मुलगी चिलीला असते, सर. जावई तिकडचाच. नातू चार वर्षांचा आहे, त्याला मराठी येत नाही. कुमुद त्याच्याशी फोनवर नुसती हसायची, गाणी म्हणायची. त्या दोघांना भाषा लागायची नाही. क्लास लावायचं तिनंच काढलं होतं. म्हणाली, आपण दोघंही जाऊ. मग ती गेली, आणि पोरगं दर वेळी मला विचारतं, दोंदे एस्ता ला आबुएला? आजी कुठे आहे? मुलीनं त्याला सांगितलंय. पण त्याला माझ्याकडून ऐकायचं असतं. मला उत्तर देता येत नाही. मग सांगायला मुलगी मध्ये येते, आणि ती रडायला लागते. फोन बंद. म्हणून म्हटलं, आपणच शिकावं.”

शार्दूल मान खाली घालून ऐकत होता.

“ते वाक्य मी घरी जुळवलं होतं, सर. पुस्तकात बघून. नातवाला सांगायला. तुम्ही वर्गात नेमकं तेच विचारलंत. म्हटलं, चला, इथं म्हणून बघू.”

“आणि मी तुमची चूक काढली.”

“बरं झालं ना. नाहीतर पोराला चुकीचं सांगितलं असतं.” राऊत थांबले. “तुम्ही पाठ करा म्हणालात, तर मी केलं पाठ. घरात चालता-बोलता. कुमुदिनी एस्ता... कुमुदिनी एस्ता... पुढचा शब्द कधी म्हणायचो, कधी नाही.”

“मग तुम्ही येणं का सोडलंत?”

राऊतांनी फोटोकडे पाहिलं नाही. खिडकीकडे पाहिलं.

“त्या दिवशी तास संपताना तुम्ही फळ्यावर लिहिलंत. पुढचा धडा, भूतकाळ.”

“हो. पण मधले तास उजळणीतच गेले, तो अजून सुरू केलेला नाही.”

“म्हणजे होती, हसायची, म्हणायची. मराठीत मी ते सगळं बोलतो, सर. आत्ताही बोललो. लोक येतात, बोलावंच लागतं. पण त्या भाषेत ती अजून... त्या भाषेत मला भूतकाळ येतच नाही.” ते ओशाळं हसले. “न आलेलाच बरा, असं वाटलं. वेडेपणा आहे.”

शार्दूलनं त्यांची समजूत घातली नाही. तो इतकंच म्हणाला,

“शनिवारी या, काका. भूतकाळ नाही शिकवणार.”

“आणि बाकीचा वर्ग?”

“या तुम्ही.”

शनिवारी राऊत आले. शेवटच्या बाकावर बसले. शार्दूलनं त्या दिवशी पुन्हा एस आणि एस्ता घेतलं. मागचा नियम त्यानं फळ्यावर लिहिला आणि सगळ्यांसमोर खोडला.

“हा मी तुम्हाला सोपा करून सांगितला होता,” तो म्हणाला. “तो पुरत नाही. आपण सावकाश बघू.”

पुढच्या आठवड्यातही तो पुढे गेला नाही. दोन मुलं कुरकुरली, नोकरीच्या मुलाखती तोंडावर आल्या आहेत म्हणाली. कॉलेजच्या समन्वयक बाईंनी बोलावून विचारलं, अभ्यासक्रम मागे का पडतोय? शार्दूलनं त्यांना काहीबाही सांगितलं, आणि रविवारी सकाळी तो वसईच्या त्या ओट्यावर आला.

चर्चमधली मिस्सा आटोपून फादर नुकतेच येऊन बसले होते.

“गेलो होतो,” शार्दूल म्हणाला. “कुमुदिनी नाव आहे.”

फादरांनी मान हलवली.

“काल तास संपल्यावर राऊत थांबले. सांगत होते, नातवाला उत्तर दिलं. मुलीला मध्ये येऊ दिलं नाही. तो म्हणाला, दोंदे एस्ता ला आबुएला? यांनी सांगितलं, एस्ता मुएर्ता.”

“मग?”

“मग पोरानं विचारलं, एस्ता कोन्तिगो? तुझ्याजवळ आहे का? राऊत म्हणाले, सी. हो.”

फादरांनी चष्मा काढला आणि झग्याच्या टोकानं पुसला. बराच वेळ पुसला.

“फादर, ते खूश आहेत. येतात, बोलतात. पण त्यांना भूतकाळ नकोय, आणि मी तिथंच अडकलोय.” शार्दूलचा आवाज आता पहिल्या दिवसासारखा नव्हता. “बाकीच्यांना परीक्षा आहे. कॉलेजला उत्तर द्यायचंय. आणि खुद्द राऊतांनासुद्धा आज ना उद्या तो लागेलच. नातू मोठा होईल. आजी कशी होती, विचारेल. तेव्हा ते काय करतील? मी त्यांना असं किती दिवस जपणार?”

फादरांनी चष्मा उजेडात धरून पाहिला.

“कधीतरी भूतकाळ शिकवावा लागेलच ना, फादर?”

“लागेल.”

“मग कधी?”

फादरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि त्याच्याकडे पाहिलं.

“वर्तमानकाळ शिकवून झाला?”