साळूबाईची मोकळी खोली

डोंगराच्या उतारावर माणसाची पायवाटही पडली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. तिथे गोदाक्का नावाची एक घूस राहायची. तिला सजावटीची भारी हौस. निजायच्या खोलीत तिनं मोरपिसं, गुंजा, गोगलगाईचे शंख आणि रंगीत खडे ठासून भरले होते. शेजारच्या बिळात साळूबाई नावाची साळिंदरीण होती. तिच्या खोलीत मात्र सुकलेल्या गवताचं अंथरूण, बस्स.

"अगं, ही काय खोली झाली? जरा सजव की!" गोदाक्का नाक मुरडायची.

"माझे काटे हे असे," साळूबाई हसायची. "आल्यागेल्याला टोचू नयेत, म्हणून जागा मोकळी ठेवते."

एका उन्हाळ्यात वणवा पेटला. गोदाक्का पिल्लांना घेऊन घरात धावली, तर घाईत धक्का लागून शंख-खड्यांचा ढीग कोसळला आणि आत जायची वाटच बुजली. धूर नाकाशी आला, तशी ती साळूबाईच्या दारात जाऊन उभी राहिली. आत सशाचं अख्खं कुटुंब दाटीनं बसलं होतं. साळूबाईनं काटे भिंतीकडे वळवले, अंग चोरलं आणि म्हणाली, "ये गं, पुष्कळ जागा आहे."

वणवा विझल्यावर गोदाक्का आपला सगळ्यांत देखणा शंख घेऊन आली. तिचे डोळे भरून आले होते. "साळूबाई, पोरं वाचवलीस माझी. एवढा तरी तुझ्या खोलीत ठेव."

साळूबाईनं शंख कौतुकानं न्याहाळला आणि दाराबाहेर ठेवला.

"हा इथं शोभतो," ती म्हणाली. "आत तू ये."