उजेडातल्या रेघा

शाळा लवकर सुटली माझी. शुद्धलेखन चुकेल, शब्दही साधेच आहेत, सांभाळून घ्या.

फार पूर्वी समुद्रात एक म्हातारी बोय मासळी होती. मरण्याआधी तिला जन्माच्या खाडीत जायचं होतं. मावळतीच्या उजेडात लहान माशांना बारीक रेघा दिसत, त्यावरून वाट कळे. म्हातारीला त्या दिसेनाशा झाल्या होत्या.

"वाट पाठ आहे मला," म्हणत ती पुन्हा त्याच खडकाशी आली.

सोबतची भाची हसली. "आत्ये, या खडकाशी सोयरीक जुळवतेस काय?"

म्हातारी खडकापासून वळली. मग हळूच म्हणाली, "पोरी, रेघा कुठे झुकल्यात गं?"

"डावीकडे."

"माझ्या लहानपणी होत्या, अजून तिकडेच?" म्हणत ती भाचीमागून निघाली. पहाटे पाणी मचूळ लागलं, खाडीसारखं.

गोष्ट लिहून झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझ्या जन्मगावची एसटी धरली.