उतरवलेला पाळणा

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या राज्याचं नाव आता कुणालाच सांगता येत नाही, आणि तिथला राजा चांगला होता की वाईट, तेही लोक विसरून गेले आहेत. पण त्या राज्यात खाडीच्या काठी एक गाव होतं आणि त्या गावात मीठ पिकत होतं, एवढं नक्की. ही गोष्ट लहानांनी ऐकावी, आणि मोठ्यांनी जरा जास्त कान देऊन ऐकावी.

मिठाचं काम बायकांचं. पुरुष बांध घालायचे, होड्या भरायचे. वाफ्यांत उतरून मीठ ओढायचं आणि टोपल्या डोक्यावर घेऊन ढिगापर्यंत न्यायच्या, हे बायकांच्या वाट्याला. वरून ऊन भाजायचं आणि खालून खारं पाणी टाचांच्या भेगांत शिरायचं. ते एकदा शिरलं की डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. पण मीठ काही बाईची सोय पाहून पिकत नाही. ओली बाळंतीणसुद्धा टोपली उचलायची आणि पोराला बांधावर झोळीत निजवायची.

झोळीतलं पोर रडणारच. रडण्याशिवाय त्याला दुसरं काय येतं? पण आईला वाफ्यातून वर येता यायचं नाही. म्हणून गावात एक रीत पडली होती. तिला ‘बोट चाटवणं’ म्हणत. घरोघरी अफूची गोळी असायची. ती दुधात उगाळायची, करंगळी बुडवायची आणि पोराच्या जिभेवर फिरवायची. पोर दिवसभर गाढ झोपायचं. आणि बोटाला जे काही उरलं असेल, ते आई स्वतःच्या तोंडात घालायची. त्या गावाला काहीच वाया घालवायची सवय नव्हती. सासूनं सुनेला हे शिकवलं होतं, आणि सासूला तिच्या सासूनं.

त्या उरलेल्या बोटानं टाचा दुखायच्या थांबायच्या. कंबर हलकी व्हायची, घरातली भांडणं लांबून ऐकू आल्यासारखी वाटायची. मग पोर मोठं व्हायचं, झोळी सुटायची, पण आईचं बोट सुटायचं नाही. सकाळी ते तोंडात गेल्याशिवाय तिला उभं राहता यायचं नाही. त्याला कुणी व्यसन म्हणत नव्हतं, कारण व्यसन म्हणजे पुरुषांनी गुत्त्यावर बसून करायची गोष्ट, असा सगळ्यांचा पक्का समज होता.

गावचे पाटील वारले होते आणि गाव त्यांच्या बायकोच्या शब्दावर चालत होतं. पाटलीणबाई कडक, पण मनानं चांगल्या. कुणाच्या घरी चूल पेटली नाही तर त्यांच्या घरून शिधा जायचा. एका उन्हाळ्यात बांधावरच्या झोळीत एक पोर निजलं ते निजलंच. आई दिवसभर मीठ ओढत होती आणि मनात म्हणत होती, आज कसं शहाण्यासारखं झोपलंय. संध्याकाळी तिनं झोळीत हात घातला आणि अशी किंचाळली, की ती किंकाळी पलीकडच्या काठावरही ऐकू गेली.

पाटलीणबाईंना त्या दिवशी अन्न गेलं नाही. त्यांनी गाव चावडीवर बोलावलं आणि नियम सांगितला. ज्या बाईच्या घरात अफू सापडेल, किंवा जी अफू घेते असं कळेल, तिच्या घरचा पाळणा आढ्यावरून उतरवायचा आणि पोरासकट पाटलांच्या ओसरीवर आणून टांगायचा. ती सुधारली असं गावाला पटेल तेव्हाच पोर परत मिळेल.

गावात एक वैद्यबुवा होते. सभा उठल्यावर ते मागे थांबले.

“पाटलीणबाई, तुमचं मन चांगलं आहे, ते मला दिसतंय. पण अफू अंगात मुरलेली बाई ही आजारी बाई आहे. ती माझ्या दारात आली पाहिजे. अफू एकदम तोडता येत नाही, थोडी थोडी उतरवावी लागते. पोटुशी असली तर जास्तच जपावं लागतं. सासूला, नवऱ्याला, सगळ्यांना सोबत घेऊन बसावं लागतं. तुम्ही पाळणे उचलायला लागलात तर माझ्याकडे येईल कोण?”

“आणि मेलेलं पोर परत कोण आणील, वैद्यबुवा?”

“बांधावर एक मांडव घाला. म्हाताऱ्या बसतील पोरं सांभाळायला. आयांना पाजण्यापुरतं वर येऊ द्या. म्हणजे बोट चाटवायची वेळच येणार नाही.”

“मांडव बांधू तेव्हा बांधू. पोरं आज मरतायत. आधी त्यांना वाचवू, आयांचं मागाहून बघू.”

ऐकणाऱ्याला हे बोलणं चुकीचं वाटलं नसतं. गावालाही वाटलं नाही. लोक म्हणाले, बाई असावी तर अशी.

वाडीच्या टोकाला बायजा नावाची एक तरुण बाई राहत होती. तिचं मूल अंगावर पीत होतं. मेलेलं पोर तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं आणि तिला बोट सोडायचं होतं. ती आपल्या पायांनी वैद्यांच्या दारात गेली. वैद्य कुणाला काही बोलले नाहीत, पण दारात कोण उभं आहे हे गावाला दिसतंच. दुसऱ्या दिवशी चार माणसं तिच्या घरी गेली आणि पोरासकट पाळणा सोडवून घेऊन आली.

बायजा रोज पाटलांच्या ओसरीसमोर येऊन बसायची. पाळण्यात पोर रडलं की तिला पान्हा फुटायचा आणि चोळी भिजायची. पाटलीणबाई तिला पाणी द्यायच्या, समजूत घालायच्या. म्हणायच्या, “तुझ्या भल्यासाठीच आहे गं हे. सुधार, आणि घेऊन जा.” पण ज्या पोरासाठी तिला सुधारायचं होतं, तेच तिच्याजवळ उरलं नव्हतं. काही दिवसांनी ती यायची थांबली. खाडीकडे जाताना तिला कुणीतरी पाहिलं, परत येताना कुणी पाहिलं नाही. पोराला पुढे त्याचा मामा घेऊन गेला.

त्यानंतर वैद्यांच्या दारात अफूसाठी म्हणून एकही बाई आली नाही. पाटलीणबाईंनी त्याचा अर्थ असा लावला, की गावातून अफू गेली. त्या पाहुण्यांना अभिमानानं सांगायच्या, आमच्या गावात आता औषधालाही अफू मिळायची नाही. अफूवाल्याची होडी पूर्वी धक्क्याला लागायची, ती आता मागच्या खाजणातून, दलदलीच्या आडवाटेनं यायची. हे सगळ्या गावाला ठाऊक होतं, फक्त पाटलीणबाईंना ठाऊक नव्हतं. त्यांना सांगणार कोण?

वर्षं गेली. पाटलीणबाईंना एकुलती एक लेक होती, येसू. तिला पलीकडच्या काठावरच्या गावात दिली होती. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून सातव्या महिन्यात ती आईकडे आली. पाटलीणबाईंना आभाळ ठेंगणं झालं. त्यांनी नवा पाळणा करवून घेतला, त्याला रंग दिला, लाकडाची चिमणी बसवली.

येसूच्या कमरेला एक पुरचुंडी होती. सासरी नणंद मिठागरात जायची आणि तिच्या पोराला सांभाळायचं काम येसूकडे होतं. पोराला बोट चाटवायचं, उरलेलं आपण घ्यायचं. तिलाही ते सासूनंच शिकवलं होतं. आता स्वतःचं मूल पोटात हलायला लागल्यावर तिला भीती वाटू लागली होती. ती माहेरी आली ती बाळंतपणाला तर आलीच, पण आईला सगळं सांगून टाकावं, असं मनाशी ठरवूनही आली होती.

एका दुपारी पाटलीणबाई तिच्या केसांना तेल लावत होत्या. येसू हळूच म्हणाली, “आई, एखादीला बोट सोडायचं असलं, मनापासून सोडायचं असलं, तर तिनं काय करावं गं?”

“काय करावं म्हणजे? पाळणा उतरवून द्यावा आणि सुधारावं. नियम म्हणजे नियम. उद्या माझी लेक असली तरी तिला तोच.” पाटलीणबाई हसल्या आणि वेणी घालू लागल्या. “पण आपल्या गावात आता कुणी घेत नाही, बाई. तुला कशाला त्या चौकशा?”

 त्याच संध्याकाळी येसूनं पुरचुंडी खाडीत फेकून दिली. आईला कळायच्या आत आपलं आपणच सोडायचं, असं तिनं ठरवलं. त्या पोरीचं काय चुकलं? तिला एकच गोष्ट माहीत नव्हती, की पोटुशा बाईनं अफू अशी एकदम तोडायची नसते. ते सांगणारा माणूस चार घरांपलीकडे राहत होता.

तिला घाम फुटू लागला. हातपाय कापू लागले, पोटात पेटके येऊ लागले, पाण्याचा घोटही टिकेना. पाटलीणबाईंना वाटलं, ताप असेल, नजर लागली असेल. त्यांनी मीठ-मोहऱ्या ओवाळल्या, कपाळावर लेप लावले. वैद्यांना बोलावते म्हटलं की येसू त्यांचा हात घट्ट धरून म्हणायची, “वैद्य नकोत, आई. होईल बरं.” अखेर कळा सुरू झाल्या. दिवस भरले नव्हते. तेव्हा मात्र पाटलीणबाईंनी कुणाचं ऐकलं नाही आणि वैद्यांना आणवलं.

वैद्यांनी येसूचे डोळे पाहिले, नाडी पाहिली आणि त्यांच्या लक्षात आलं. ते म्हणाले, “पाटलीणबाई, तुम्ही जरा बाहेर बसा.”

“माझ्या घरात, माझ्या लेकीजवळून मी का उठू? माझ्यापासून लपवण्यासारखं काय आहे?”

वैद्यांनी येसूकडे वळून विचारलं, “पोरी, किती घेत होतीस आणि कधी सोडलीस, एवढंच सांग. अजून वेळ गेलेली नाही. माझ्याकडे मात्रा आहे, पण आकडा कळल्याशिवाय मी ती देऊ कशी? कमी पडली तर उपयोग नाही, जास्त झाली तर जीव जाईल.”

येसूनं आधी वैद्यांकडे पाहिलं, मग आईकडे. मग तिनं कोपऱ्यातल्या नव्या पाळण्याकडे पाहिलं. “मी कधीच घेतली नाही,” ती म्हणाली.

वैद्यांनी पुन्हा विचारलं. हात जोडून विचारलं. तिनं तेच उत्तर दिलं.

मूल झालं ते रडलं नाही. मुलगी होती. येसूचा रक्तस्राव थांबेना. वैद्यांनी होतं नव्हतं ते सगळं करून पाहिलं आणि शेवटी ते ओसरीवर जाऊन भिंतीला टेकून बसले.

पाटलीणबाईंनी लेकीचं डोकं मांडीवर घेतलं. येसू म्हणाली, “आई, मी घेत होते. तुझ्याकडे यायच्या आधीपासून. इथं आल्यावर टाकली.”

“मग बोलली का नाहीस गं? वैद्य विचारत होते, हात जोडत होते.”

“तू पाळणा उतरवला असतास.”

“तुझा? तुझा पाळणा मी उतरवला असता? असं वाटलं तरी कसं तुला?”

येसूच्या नजरेत राग नव्हता. तिला नवल वाटलं होतं. “मग बायजाचा का उतरवलास, आई?”

 पाटलीणबाई उत्तर शोधत होत्या, तेवढ्यात मांडीवरचं डोकं जड झालं.

सुतक फिटल्यावर त्यांनी पुन्हा गाव चावडीवर बोलावलं. उभं राहून सांगितलं, की माझी लेक अफू घेत होती, आणि ती अफूनं गेली नाही, माझ्या भीतीनं गेली. तो नियम मी आजपासून मोडीत काढला. ज्यांना सोडायची आहे त्यांनी वैद्यांकडे जावं, पोर आईजवळच राहील. बायकांनी माना खाली घालून ऐकलं आणि टोपल्या उचलून त्या कामाला गेल्या.

पाटलीणबाईंनी बांधावर मांडव घातला. म्हाताऱ्या बसवल्या, झोळ्या टांगल्या, टाचांसाठी तेलाचं मडकं ठेवलं. म्हाताऱ्या दिवसभर रिकाम्या झोळ्यांपाशी बसून माश्या वारायच्या. मांडवात पोर सोडणं म्हणजे पाटलीणबाईंच्या हाती पोर देणं, असं बायकांनी मनाशी पक्कं धरलं होतं. वैद्यांकडेही कुणी फिरकलं नाही. मग पाटलीणबाई घरोघरी जाऊ लागल्या. ज्यांच्या दारात कधी गेल्या नव्हत्या, त्यांच्या दारात पदर पसरून उभ्या राहिल्या. प्रत्येक घरी त्यांना एकच उत्तर मिळायचं, आणि तेही अदबीनं. “आमच्याकडे कुणी घेत नाही, पाटलीणबाई. तुमच्या कृपेनं गाव कधीच सुधारलं.”

एका घरी भर दुपारी एक बाई धान्य कांडत होती. शेजारी पाळण्यात पोर निजलं होतं. मुसळाचे दणके बसत होते, पोराच्या ओठावर माशी बसली होती, तरी ते हलत नव्हतं.

 पाटलीणबाई म्हणाल्या, “पोरी, मी शिक्षा करायला आले नाही. तू वैद्यांकडे जाऊन ये. तोवर मी याच्यापाशी बसते.”

त्या बाईनं एवढंच ऐकलं, की पाटलीणबाई आपल्या पोरापाशी बसणार. तिनं मुसळ टाकलं, पोर उचलून छातीशी धरलं आणि आत जाऊन कडी लावली.

पाटलीणबाई दार ठोठावत राहिल्या. नियम मोडीत काढला गं, शपथ घेते, उघड, असं म्हणत राहिल्या. मग त्यांचा आवाज बसला आणि त्या उंबऱ्याशीच खाली बसल्या. उन्हं उतरेपर्यंत त्या दाराला कान लावून होत्या. आतून पोर एकदाही रडलं नाही.

सांगणाऱ्यानं गोष्ट सांगितली, ऐकणाऱ्यांनी एवढं गाठीशी बांधावं: आजारी आईला शिक्षेची भीती घातली, तर ती आजार सोडत नाही, औषध मागायचं सोडते.