बाजार उठताना

एकदा एका वृद्ध आचार्यांकडे एक शिष्य विद्या पुरी करून बसला होता. बसला होता हेच खरे, कारण पुढे काय करायचे ते त्याला ठाऊक नव्हते. एका तेलाच्या व्यापाऱ्याने आपली मुलगी त्याला बोलून ठेवली होती, अट एकच. "अक्षय्य तृतीयेपर्यंत हाताला चालता धंदा लागला तर जावई, नाहीतर आमचा रामराम!" मुलगी तर शिष्याच्या मनात पुरती भरलेली. बिचाऱ्याची झोप उडाली.

"गुरुजी, पुढे कोणत्या धंद्याला मागणी राहील?" तो उठता-बसता विचारी.

"बाजारात जाऊन बघ," आचार्य म्हणाले.

आठवडी बाजारात कल्हईवाल्याभोवती ही झुंबड! बायका पातेल्यांच्या नंबरावरून भांडत होत्या. झाले, शिष्याने भाता धरला आणि धुराने डोळे लाल करून घेत कल्हई शिकला. पण ती झुंबड काही त्याने एकट्यानेच पाहिली नव्हती. तो दुकान मांडायला गेला, तर झाडागणिक एकेक भाता फुसफुसत होता. विळ्यांना धार लावणारा, वहाणा शिवणारा, सगळेच कल्हईवाले झालेले. गावातली भांडी संपली तेव्हा ते एकमेकांची पातेली उजळू लागले.

"बुडालो, गुरुजी! आता दुसरी गर्दी शोधतो."

पुढच्या बाजाराच्या दिवशी आचार्य दुपारभर घोरत पडले. बाजार उठायला लागला तसे उठले, शिष्याला वेशीपाशी घेऊन गेले आणि बाजाराकडे पाठ आणि घरी जाणाऱ्या वाटेकडे तोंड करून एका दगडावर बसले.

"इथे काय दिसणार?" शिष्य कुरकुरला.

"माणसे."

चैत्राचे ऊन होते. एकामागून एक माणसे तुटक्या वहाणा हातात धरून अनवाणी चालली होती. शेवटी खुद्द व्यापारीच एका सावलीतून दुसऱ्या सावलीत उड्या मारत आला. "गावभर पातेली लखलखताहेत, पण वहाणेचा अंगठा शिवायला एक माणूस मिळेल तर शपथ!"

आचार्य हळूच म्हणाले, "बाळ, गर्दी दिसते तिथे सगळेच धावतात. मागणी पाहायची तर बाजारातून तसाच परतणारा माणूस पाहावा."

शिष्य उठला. आपल्या वहाणा व्यापाऱ्याच्या पायांत सरकवून त्याची तुटकी वहाण त्याने हातात घेतली.

"पुढच्या बाजारी शिवून देतो."

"येते का तुला?"

"नाही. शिकतो."

'एवढी विद्या घेऊन वहाणा शिवणार?' हे व्यापाऱ्याच्या अगदी ओठांवर आले होते. पण पाय गार झाले होते, म्हणून त्याने ते गिळले.

अक्षय्य तृतीयेला लग्न लागले. अंतरपाट दूर झाला, नवरी लाजून समोर पाहते तो नवऱ्याची नजर मांडवाच्या दाराशी, वऱ्हाडाच्या वहाणांवर. आचार्य मोठ्याने खाकरले.

"अरे, आज तरी समोर बघ!"