धाकूनं बाळाच्या कानात काय सांगितलं

एका बंदराच्या गावात धाकू नावाचा एक भोळा माणूस राहत होता. सांगितलेली गोष्ट तो कधी विसरत नसे. पंचाईत होती ती तेवढीच.

त्याच्या मुलाचं बारसं बायकोच्या माहेरी, कड्यापलीकडच्या गावात होतं. कानात नाव सांगायचं आत्यानं. पण आत्या तापानं फणफणलेली. ती म्हणाली, "धाकू, माझ्या जागी तूच जा. दिवेलागणीला बाळाच्या कानात 'जयवंत' म्हण. आणि नीट ऐक. त्या गावात कानात पहिलं पडेल तेच नाव. मग कुणी बदलत नाही."

"जयवंत. एवढंच ना, आक्का?"

"एवढंच. पण तू आहेस, म्हणून जीव टांगणीला."

तुफानामुळे होड्या बंद होत्या. राहिली कड्यावरची वाट. कडा सरळ उभा, खाली समुद्र खवळलेला, पायऱ्यांवर शेवाळ. धाकूनं खांद्यावर घोंगडी टाकली आणि छत्री उघडली. छत्री थरथरली, उलटी झाली आणि समुद्रात गेली.

एक गुराखी कपारीत बसून बघत होता. "अरे येड्या, वाऱ्यात काही थरथरायला लागलं की आधी दगडाला बांधावं!" त्यानं आपला दोर धाकूला दिला.

धाकू हातापायांवर वर सरकू लागला. अर्ध्यावर एक म्हातारी कोळीण मासळीची पाटी घेऊन टेकली होती. भिजून थरथरत होती. धाकूनं दोर काढला आणि तिला पाटीसकट दगडाला बांधलं.

"मेल्या, सोड! काय करतोस?"

"उडशील, आजी."

"मी काय पतंग आहे?"

"छत्रीपण नव्हती," धाकू म्हणाला.

सुटल्यावर म्हातारीनं आधी त्याला एक ठेवून दिली. मग म्हणाली, "थरथरणाऱ्याला बांधतात होय रे? घोंगडी टाकून झाकायचं त्याला!"

"टाकू?"

"आता नको. तू जा बाबा पुढे."

माथ्यावर दामाजी नावाचा माणूस कंदील धरून उभा होता. ढगांनी दिवसाच काळोखलं होतं, तुफानात सापडलेल्या होड्यांना कडा दिसावा म्हणून. कंदिलाची काच फुटलेली, ज्योत थरथरत होती. धाकूला दया आली. त्यानं घोंगडी टाकली. अंधार झाला. खालून आरडाओरडा ऐकू आला.

दामाजीनं घोंगडी ओढून काढली, कसाबसा कंदील पेटवला आणि बेंबीच्या देठापासून ओरडला, "खडक आहे, मागे फिरा!" होड्या थोडक्यात वाचल्या.

मग तो धाकूकडे वळला. "गाढवा, दिवा झाकतात का? ज्योत थरथरताना दिसली की दिवा उंच धरायचा आणि मी ओरडलो तसं ओरडायचं. कळलं?"

"कळलं, काका."

धाकू घसरत, खरचटत, पण 'जयवंत, जयवंत' म्हणत कडा उतरला. बरोबर दिवेलागणीला सासरी पोचला. बायका पाळण्याभोवती जमल्या होत्या. सासूबाईंनी पाळण्यापाशी समई लावली.

"या जावईबापू! बाई बाई, काय दशा ही! नाव आहे ना लक्षात?"

"आहे की."

बायको शेवंतीनं डोळे मिटून हात जोडले. धाकू पाळण्यात वाकला. रीतीप्रमाणे बायकांनी त्याच्या पाठीत धपाटे घालायला सुरुवात केली. त्यानं बाळाच्या कानाशी तोंड नेलं. 'कुर्रर्र' केलं. इतक्यात खिडकीतून वारा आला आणि समईची ज्योत थरथरली.

धाकूनं समई उचलली, उंच धरली आणि बाळाच्या कानात बेंबीच्या देठापासून ओरडला, "खडक आहे, मागे फिरा!"

धपाटे थांबले. सासूबाई मटकन खाली बसल्या. पण कानात पडलं ते पडलं.

आता मुलगा मोठा झालाय, दिवसभर किनाऱ्यावर हुंदडतो. दुपारी शेवंती दारात येऊन त्याला जेवायला हाक मारते, आणि बंदरात शिरणाऱ्या सगळ्या होड्या निमूट मागे फिरतात.