कापा की बरका

"तुम्ही नुसतं खरं ते सांगायचं, बुवा. आमच्या वडलांनी गडगा आता फणस आहे त्याच्या पलीकडून घातला होता, की अलीकडून?"

केसोबुवा मठाच्या पायरीवर बसून कोयता पुसत होते. त्यांना कसलीच घाई नव्हती.

यशवंत नाटेकराला होती. हद्दीवरच्या फणसावरून शेजारच्या आबा शेट्येशी त्याचा बारा वर्षं दावा चालला होता. मधला दगडी गडगा केव्हाच ढासळला, आणि तो कुठून गेला होता हे पाहिलेला माणूस आता एकच उरला होता. बुवा. पुढच्या तारखेला त्यांनी साक्ष दिली की फणस आपलाच, याची यशवंताला पक्की खात्री होती. दाव्यापायी निम्मा वकील तर तो स्वतःच झाला होता.

"सांगेन की," बुवा म्हणाले.

यशवंताचा चेहरा खुलला.

"आधी तू सांग. तो फणस कापा की बरका?"

यशवंत हसला. घट्ट गऱ्यांचा तो कापा, गिळगिळीत तो बरका. कोकणातलं शेंबडं पोरही सांगेल. त्याने तोंड उघडलं...

ते उघडंच राहिलं.

झाडाने पहिला फणस धरला आणि त्याच वर्षी दावा लागला. कोर्टाची मनाई आली. निकालापर्यंत फळाला कोणी हात लावायचा नाही. बारा वर्षं फणस पिकले, पडले, माकडांनी खाल्ले. यशवंताने एक गरा चाखला नव्हता. त्याला एकदम लाज वाटली.

"ठाऊक नाही, बुवा."

"मग बघून ये. तारखेला येतो मी."

"बघू कसा? मनाई आहे!"

"कोणाला?"

"मला. आबालाही."

"म्हणजे कोणालाच काढता यायचा नाही?"

"तसं नाही हो." कायद्याचं विचारलं की यशवंताला राहवत नसे. "दोघांनी मिळून अर्ज दिला, तर कोर्ट..."



बारा वर्षांत आबाच्या ओटीवर त्याने पाऊल टाकलं नव्हतं.

बुवा आत गेले आणि खोबरेल तेलाची भरलेली वाटी घेऊन आले. फणसाचा चीक हाताला चिकटू नये म्हणून आधी तेल लावतात, तेवढ्यासाठी.

"एवढं कशाला?" यशवंत पुटपुटला. "मला दोन थेंब पुरे."

बुवांनी वाटी त्याच्या हातात ठेवली.

"ने सगळं. हात चार आहेत."